स्ट्रॅटक्स रिसीव्हर कोकण किनाऱ्यावर: हेलिकॉप्टरमध्ये काय दिसतं, काय दिसत नाही

स्ट्रॅटक्स म्हणजे आसपासची विमानं आणि हेलिकॉप्टरं टॅबलेटवर दाखवणारा छोटा डबा. गुण आधीच सांगून टाकतो: पाचपैकी साडेतीन. मुरूडच्या खाली आणि खुल्या समुद्रावर चार, मुंबईच्या हद्दीत तीन. मुंबईत एक गुण का कापला, ते कळलं नाही तर हा डबा घेऊ नका. फुकटचा दिलासा देईल आणि घात करेल.

स्ट्रॅटक्स हा कुठल्या कंपनीचा सीलबंद माल नाही. रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा संगणक, मुळात टीव्ही बघण्यासाठी बनवलेला यूएसबी डोंगल, एक जीपीएस आणि फुकट मिळणारं खुलं सॉफ्टवेअर, एवढ्यातून तो जुळवता येतो. ज्या विमानांत आणि हेलिकॉप्टरांत एडीएस-बी आउट बसवलेलं असतं ती १०९० मेगाहर्ट्झवर सेकंदाला साधारण दोनदा आपली जागा, उंची आणि वेग, आणि मधूनमधून ओळख सांगत असतात. डबा ते ऐकतो आणि वायफायवरून टॅबलेटला देतो. फोरफ्लाइटसारख्या अ‍ॅपमध्ये नकाशावर बाण उमटतो, शेजारी +०३ लिहिलेलं असतं, म्हणजे तो तुमच्यापेक्षा ३०० फूट वर. आकड्याजवळचा छोटा बाण वर असेल तर चढतोय, खाली असेल तर उतरतोय. डबा फक्त ऐकतो. तुम्ही कुठे आहात हे तो कुणालाही सांगत नाही.

याची गरज काय, डोळे आहेत की, असं विचारणारे भेटतात. हिशेब करून बघा. समोरासमोर येणारी दोन हेलिकॉप्टरं प्रत्येकी १२० नॉटनी उडत असतील तर मिनिटाला चार सागरी मैल अंतर तुटतं. दोन मैलांवर नजरेस पडलं तर हातात ३० सेकंद. अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक खात्याचा जुना आकडा असा, की दिसणं, ओळखणं, टक्कर होणार हे उमगणं, निर्णय, हात हलणं आणि यंत्र वळणं यात साडेबारा सेकंद जातात. उरले साडेसतरा, तेही दोन मैलांवर दिसलं तर. आणखी एक गोम आहे. जे यंत्र खरोखर आदळणार असतं ते काचेवर सरकत नाही, एका जागी माशीसारखं चिकटून राहतं आणि शेवटच्या काही सेकंदांत एकदम मोठं होतं. डोळा पकडतो सरकणाऱ्या गोष्टी. ठिपका दाराच्या खांबाआड असला तर तो शेवटपर्यंत खांबाआडच. त्यात मार्च ते मे किनाऱ्यावर जी धुरकट झाक असते तिच्यात राखाडी पाण्यावरचं राखाडी हेलिकॉप्टर एका मैलावरही सापडत नाही. म्हणून कान हवेत. डबा म्हणजे कान.

आता सामान. रास्पबेरी पाय ३बी प्लस किंवा ४, दोन्ही चालतात. डोंगल आरटीएल२८३२यू चिपचा, आर८२०टी२ ट्यूनरवाला. असा एकच घ्या. अमेरिकेतले व्हिडिओ बघून दोन डोंगल घेणारे पुष्कळ आहेत, पण दुसरा डोंगल ९७८ मेगाहर्ट्झसाठी असतो आणि ती व्यवस्था फक्त अमेरिकेत आहे. आपल्याकडे त्यावर काहीच येत नाही, ना हवामान ना रहदारी. युरोपीय आवृत्तीतला ८६८ मेगाहर्ट्झचा भाग ग्लायडरांच्या फ्लार्म या टक्कर टाळण्याच्या यंत्रणेसाठी, तोही इथे शोभेचा. सेटिंगमध्ये ९७८ बंद करा, उगाच वीज आणि उष्णता वाढते. यूब्लॉक्स ८ चिपचा यूएसबी जीपीएस, बीएमपी२८० हा हवेच्या दाबाचा सेन्सर, छोटा पंखा, १६ जीबीचं चांगल्या प्रतीचं कार्ड. बहुतेक सुटे भाग लॅमिंग्टन रोडवर मिळतात. दाबाचा सेन्सर "नंतर बघू" म्हणून सोडू नका, त्याचं महत्त्व पुढे येतंच आहे.

मुंबईसाठी जास्तीची एक वस्तू लागते, आणि ती कुणी सांगत नाही: १०९०चा बँडपास फिल्टर, म्हणजे १०९०च्या आसपासचंच आत सोडणारी गाळणी. मोबाइलचे मनोरे ९३५ ते ९६० मेगाहर्ट्झवर जोरात बोलत असतात आणि हा आठ बिटांचा स्वस्त डोंगल त्या गोंगाटात बहिरा होतो. जुहू विमानतळाच्या एप्रनवर, म्हणजे हेलिकॉप्टरं उभी करायच्या जागेवर, अंधेरीतल्या गच्चीगच्चीवर मनोरे असताना, फिल्टर नसेल तर पाच मैलांवरचं हेलिकॉप्टर येत-जात राहतं आणि लोक सॉफ्टवेअरला शिव्या देतात. फ्लाइटअवेअरच्या प्रो स्टिक प्लस डोंगलमध्ये फिल्टर आणि अ‍ॅम्प्लिफायर आतच असतात, तो घेतला की प्रश्न मिटतो. फक्त अ‍ॅम्प्लिफायरवाला, फिल्टर नसलेला घेतलात तर शहरात उलटाच परिणाम, गोंगाटही तेवढाच वाढतो.

अँटेना १०९०ची, चौथाई लहरीची, म्हणजे सुमारे सात सेंटिमीटरची दांडी. ती उभीच हवी. आडवी पडली की सिग्नल निम्म्याहून खाली जातो, कारण समोरच्या यंत्राची अँटेनाही उभीच असते. डॅशबोर्डवर काचेपाशी किंवा बाजूच्या खिडकीवर ठेवा, मागच्या सीटच्या खिशात नको. तापणारी विंडशील्ड असेल तर तिच्यातला धातूचा पातळ थर सिग्नल खातो, तिथे बाजूची खिडकीच बरी. कुठेही ठेवलं तरी हेलिकॉप्टरच्या पोटाची सावली राहणारच: थेट खालून किंवा मागून चढत येणारा उशिरा दिसेल.

सक्शन कपवर विश्वास ठेवू नका. मे महिन्यात उन्हात उभ्या हेलिकॉप्टरच्या काचेवर रबर मऊ पडतं, मग रोटर फिरायला लागला की थरथरीने कप सुटतो. डबा पडतो तो नेमका पायाशी, पेडलांच्या मधे. दोरीने बांधा, आणि दोरी एवढी आखूड ठेवा की सुटला तरी पेडल किंवा सायक्लिकच्या दांडीपर्यंत पोचू नये. बसवल्यावर इंजिन बंद असताना डबा चालू-बंद करत स्टँडबाय होकायंत्राकडे बघा. सुई दोन अंशांपेक्षा जास्त हलली तर जागा बदला.

उष्णता हा कोकणातला खरा शत्रू. रास्पबेरी पाय ८० अंश सेल्सियसला स्वतःचा वेग कमी करायला लागतो. त्याआधी टॅबलेटच दम तोडतो, कारण आयपॅड ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेला आहे. दोघांनाही थेट उन्हात ठेवू नका आणि शक्य असेल तर व्हेंटची हवा द्या. हवेचा झोत दाबाच्या सेन्सरवर मात्र सरळ येऊ देऊ नका.

विजेचं गणित सोपं आहे. एका डोंगलचा डबा साधारण पाच-सहा वॅट खातो, दहा हजार एमएएचची पॉवर बँक पाच तास पुरते. अडचण बँकेची नसते, केबलची असते. चार्जिंगची लांब, बारीक केबल लावली की वाटेत व्होल्ट गळतात, ४.६३ व्होल्टखाली रास्पबेरी पायची तक्रार सुरू होते आणि डबा मधेच स्वतःला रीस्टार्ट करतो. त्या मिनिटभरात टॅबलेटवरचे बाण आधी थिजतात आणि मग नाहीसे होतात. उडणाऱ्याला वाटतं, रहदारी संपली. एक फुटाची जाड केबल वापरा. अँड्रॉइड टॅबलेट असेल तर आणखी एक खोड बघा: डब्याच्या वायफायवर इंटरनेट नाही असं दिसलं की तो गुपचूप मोबाइल डेटावर उडी मारतो. मोबाइल डेटा बंद करूनच निघा. आणि वायफायला पासवर्ड घाला, मुळात ते उघडंच येतं.

आता दाबाच्या सेन्सरची गोष्ट, कारण पावसाळ्यात सगळ्यात धोकादायक चूक इथेच होते. एडीएस-बीमधून येणारी उंची ही १०१३.२५ हेक्टोपास्कल धरून काढलेली दाबाची उंची असते, तुमच्या अल्टिमीटरवर, म्हणजे उंचीमापकावर, लावलेल्या क्यूएनएचशी, म्हणजे त्या वेळच्या समुद्रसपाटीच्या दाबाशी, तिचा संबंध नसतो. जुलैत किनाऱ्यावर क्यूएनएच १००३ असेल तर फरक दहा हेक्टोपास्कलचा, दर हेक्टोपास्कलला २७-२८ फूट, म्हणजे सुमारे २८० फूट. समजा तुम्ही आणि समोरचा दोघंही समुद्रापासून १००० फुटांवर आहात. तो प्रसारित करेल १३००च्या जवळपास. तुमच्या डब्यात सेन्सर असेल तर तोही तुमची उंची तेवढीच मोजेल आणि पडद्यावर ०० दिसेल. सेन्सर नसेल तर डबा जीपीएसची १००० फूट उंची वापरेल आणि समोरचा +०३ दाखवेल. ३०० फूट वर आहे, जाऊ दे, असं म्हणत तुम्ही सरळ त्याच्या नाकावर जाल. तपासायची पद्धत अशी: जुहूच्या एप्रनवर अल्टिमीटर क्षणभर १०१३ला लावा, १९२.१६८.१०.१ या पानावर डब्याची दाबाची उंची वाचा, पन्नास फुटांच्या आत जुळायला हवी. मग अल्टिमीटर परत क्यूएनएचला आणा. हे विसरलात तर मूळ आजारापेक्षा औषध वाईट.

शंभर फुटांनी काय बिघडतं, हे २९ जानेवारी २०२५ला वॉशिंग्टनमध्ये दिसलं. पोटोमॅक नदीवरच्या हेलिकॉप्टर मार्गाची कमाल मर्यादा २०० फूट होती. ब्लॅक हॉक आणि उतरणारं सीआरजे विमान यांची टक्कर ३०० फुटांच्या आसपास झाली, ६७ माणसं गेली. ब्लॅक हॉकचं एडीएस-बी आउट प्रसारण होत नव्हतं. विमानातल्या टीकॅसने, म्हणजे टकरीबद्दल सावध करणाऱ्या यंत्रणेने, "ट्रॅफिक" म्हणून इशारा दिला होता, पण वर जा की खाली जा हा आदेश ते साधारण १००० फुटांखाली देतच नाही, कारण जमिनीजवळ खाली जा म्हणणं हीच आपत्ती ठरेल. रचनाच तशी आहे.

आणि जुहूची सगळी वर्दळ त्याच हजार फुटांखालची. १९२८चं हे मैदान सांताक्रूझच्या विमानतळापासून इतकं जवळ आहे, की १९५३ला बीओएसीचं कॉमेट आणि १९७२ला जपान एअरलाइन्सचं डीसी-८ सांताक्रूझ समजून जुहूलाच उतरले. आजही ०९ धावपट्टीवर, म्हणजे पूर्वेकडे तोंड करून, उतरणारी विमानं समुद्रावरून याच पट्ट्यातून येतात. तीन अंशांच्या उतारावर दर सागरी मैलाला सुमारे ३२० फूट, त्यामुळे किनारा ओलांडताना ती हजार फुटांच्या आतच असतात. उलट दिशेची २७ वापरात असेल तर हीच जागा उड्डाणाची. इथे विमान आणि हेलिकॉप्टर वेगळं ठेवण्याचं काम नियंत्रण टॉवरच्या परवानगीचं आहे, डब्याचं नाही. डब्याचा उपयोग एवढाच, की "तुमच्या समोरून एअरबस जाते आहे" असं टॉवरने सांगितलं की ती नेमकी कुठे शोधायची हे आधीच माहीत असतं. ती मागे जे भोवरे सोडून जाते ते मिनिटाला काहीशे फुटांनी खाली बसत येतात आणि ते कुठल्याच पडद्यावर दिसत नाहीत.

तर मुंबईत गुण का कापला? कारण इथे पडदा भरलेला असतो, पण नको त्यांनी. सांताक्रूझच्या पार्किंगमधली, टॅक्सी करणारी, दहा हजार फुटांवरून जाणारी, सगळी विमानं इमानदारीने प्रसारण करतात. ज्यांची भीती आहे त्यातली बरीच गप्प. जुन्या हेलिकॉप्टरांत मोड सी किंवा साधा मोड एस ट्रान्सपाँडर, म्हणजे रडारने विचारलं की ओळख आणि उंची सांगणारं यंत्र असतं, ते जागा सांगत नाही. १९९६च्या चरखी दादरीच्या टकरीत ३४९ माणसं गेल्यानंतर आपल्याकडे टीकॅस आणि उंची सांगणाऱ्या ट्रान्सपाँडरची सक्ती आली, पण उंची सांगणं वेगळं आणि जागा सांगणं वेगळं. मोड एसचं यंत्र जवळ असेल तर स्ट्रॅटक्स सिग्नलच्या जोरावरून अंदाज बांधतो आणि दिशा नसलेलं वर्तुळ काढतो: "इथे कुठेतरी, तुमच्याच उंचीवर कुणीतरी आहे." हे वर्तुळ दिसलं की पडद्यात डोकं घालू नका, बाहेर बघा. साध्या मोड सीवाल्याचं तर तेवढंही दिसत नाही. कुलाब्याच्या आयएनएस शिक्रावरून निघणारी नौदलाची हेलिकॉप्टरं प्रसारण करतीलच असं नाही. अमेरिकेत जमिनीवरची केंद्रं रडारवर दिसलेल्यांची जागाही पुन्हा हवेत सोडतात, म्हणून तिथल्या परीक्षणांत या डब्याला पैकीच्या पैकी गुण मिळतात. आपल्याकडे ती सोय नाही. ती परीक्षणं वाचून घेतलेला माणूस इथे फसतो.

उंच इमारती ही दुसरी भिंत. लोअर परळचा वर्ल्ड वन २८० मीटरचा, म्हणजे ९०० फुटांच्या वर. वरळी-परळच्या त्या जंगलापलीकडे ७०० फुटांवर उडणारा, एडीएस-बी असूनही, इमारतीच्या आडून बाहेर येईपर्यंत ऐकू येत नाही. आणि ड्रोन. २०२१च्या ड्रोन नियमांत विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत आणि त्यापलीकडच्या हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत परवानगीशिवाय उडवता येतो. लग्नाचं शूटिंग करणारा पोरगा त्या आकड्यांवर थांबेलच याची हमी कोण देणार? अलिबाग-किहीमच्या बीचवर ५०० फुटांखाली जाऊ नका, एवढाच व्यवहारी उपाय. घारी आणि ससून डॉकवरचे पक्षी याबद्दल बोलायलाच नको.

आवाजाचा इशारा हेडसेटमध्ये घ्यावा का? घ्यावाच, पण मर्यादा लावून. जुहूच्या आसपास परीघ दोन-तीन मैल आणि वर-खाली १००० फूट ठेवा, जमिनीवरची विमानं लपवा. नाहीतर दर वीस सेकंदांनी "ट्रॅफिक" ऐकून माणूस वैतागून आवाजच बंद करतो, आणि तो मग मुरूडपर्यंत बंदच राहतो. ही गंमत नाही. ८ ऑगस्ट २००९ला न्यूयॉर्कच्या हडसन नदीवर पायपर विमान आणि पर्यटकांचं हेलिकॉप्टर आदळून नऊ माणसं गेली. एनटीएसबी या अमेरिकेच्या अपघात तपास संस्थेने नोंदवलेल्या कारणांत बघून टाळण्याच्या पद्धतीच्या अंगभूत मर्यादा आहेत, आणि दोन्ही यंत्रांत उपलब्ध असलेली इलेक्ट्रॉनिक रहदारीची माहिती नीट वापरली गेली नाही, हेही आहे. उपकरण होतं, वापर नव्हता. त्यानंतर त्या नदीवर उंचीचे थर ठरले: थेट पार होणाऱ्यांनी १००० ते १३०० फूट, स्थानिक फिरणाऱ्यांनी त्याखाली, सगळ्यांनी उजवी बाजू धरायची, वेग १४० नॉटच्या आत, आणि ठरलेल्या खुणांवर रेडिओवर जागा सांगायची. कुठल्याही डब्यापेक्षा हे जास्त कामाचं.

कोकणात शिरलात की हाच विचार करायचा, कारण इथे टॉवर संपतो आणि किनारा सुरू होतो. जुहू ते सिंधुदुर्गातलं चिपी विमानतळ सरळ रेषेत सुमारे १९० सागरी मैल, दिशा १६८ अंशांच्या आसपास. ३००० फुटांच्या वर गेलात तर अर्धवर्तुळाच्या नियमाने, म्हणजे दिशेप्रमाणे उंची ठरवून, जाताना ३५०० आणि परतताना ४५००. पण सह्याद्री आणि ढग बघून बहुतेक जण हजार-दीड हजार फुटांवर किनारा धरून जातात, आणि तिथे कुठलाच थर ठरलेला नाही. जीपीएसने ही अडचण वाढवली. पूर्वी दोघांच्या चुका वेगवेगळ्या असायच्या, म्हणून वाटा वेगळ्या पडायच्या. आता जाणारा आणि येणारा दोघंही त्याच बिंदूंना जोडणाऱ्या एकाच धाग्यावर, काही मीटरच्या फरकाने, समोरासमोर. उपाय जुनाच: रेषा डाव्या हाताला ठेवा. दक्षिणेला जाताना किनारा डावीकडे, म्हणजे तुम्ही समुद्रावर. उत्तरेला येताना किनारा डावीकडे, म्हणजे तुम्ही जमिनीवर. अर्धा मैल पुरतो. रस्त्यावर आपण डावीकडून चालतो, म्हणून हे उलटं वाटतं. आणि हेलिकॉप्टरचा कॅप्टन उजव्या सीटवर बसतो, त्यामुळे डावीकडची रेषा त्याला नीट दिसत नाही, हीही कटकट आहेच. तरी पाळा. समोरासमोर आलात तर दोघांनी उजवीकडे.

रेडिओवर जागा सांगताना अक्षांश-रेखांश नको, समोरच्याला डोळ्यासमोर येईल अशी खूण सांगा: खांदेरी, रेवदंडा, जंजिरा, बाणकोटची खाडी, सुवर्णदुर्ग, जयगड, विजयदुर्ग, देवगडच्या पवनचक्क्या, वेंगुर्ल्याचं बर्न्ट आयलंड. मी कोण, कुठे, किती उंचीवर, कुठल्या दिशेला, पुढे काय करणार, एवढं एका दमात. आणि बोललेलं खरंच बाहेर गेलं का, तेही बघा. २ जानेवारी २०२३ला ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्टला दोन पर्यटक हेलिकॉप्टरं आदळून चौघं गेले. तिथल्या तपासात निघणाऱ्या हेलिकॉप्टरच्या रेडिओ अँटेनात दोष सापडला. त्याची निघतोय ही हाक बहुधा उतरणाऱ्यापर्यंत पोचलीच नाही. सकाळच्या पहिल्या हाकेला दुसऱ्या कुणाचं उत्तर आल्याशिवाय रेडिओ चालू आहे असं धरू नका.

या पट्ट्यात मात्र डबा खरा शोभतो. गोंगाट कमी, मनोरे विरळ, समोर उघडा समुद्र. ५०० फुटांवरून रेडिओचं क्षितिज २७ सागरी मैलांवर असतं. दोघंही ५०० फुटांवर असतील तर कागदावर ५५ मैल. कॉकपिटमधल्या छोट्या अँटेनावर याच्या निम्मंही मिळेल असं धरू नका, पण दहा मैल मिळाले तरी समोरासमोरच्या वेगाला अडीच मिनिटं होतात, आणि अडीच मिनिटांत माणूस चहा पिऊन वळेल. मुंबई हायच्या समुद्रातल्या तेलक्षेत्राला जाणाऱ्या-येणाऱ्यांसाठीही हेच: १६० किलोमीटर पाणी, मधे अडवायला काही नाही. पूर्वेकडे वळलात की परत अडचण. आंबा किंवा कुंभार्ली घाटाच्या तोंडाशी कड्याच्या खाली उडताना कड्यापलीकडचा काहीच ऐकू येत नाही आणि तो माथ्यावरून येतो तो एकदम दोन मैलांवर. दक्षिणेला वेंगुर्ल्याखाली परीघ परत आवळा. चिपी ९ ऑक्टोबर २०२१ला आणि गोव्यातला मोपा ५ जानेवारी २०२३ला सुरू झाल्यापासून पन्नास किलोमीटरच्या आत दोन विमानतळ आहेत, त्याखाली दाबोळी आणि नौदलाचं आयएनएस हंसा. दाबोळीवर १ ऑक्टोबर २००२ला नौदलाची दोन आयएल-३८ विमानं सरावाच्या रचनेत उडताना आदळली होती. दोघांनाही एकमेकांची जागा माहीत होती.

तसंच जवळच्या कामांचं. प्रचाराच्या दिवसांत कणकवली-कुडाळच्या शाळेच्या मैदानावर एकापाठोपाठ एक उतरणारी हेलिकॉप्टरं किंवा जुलै २०२१च्या चिपळूणच्या पुरासारखं बचावकार्य, इथे डब्याचा उपयोग जवळपास शून्य. २७ जुलै २००७ला फिनिक्समध्ये एकाच पाठलागाचं चित्रीकरण करणारी दोन वृत्तवाहिन्यांची हेलिकॉप्टरं आदळली, चौघं गेले. काहीशे मीटरमध्ये पडद्यावर दोन बाण एकमेकांवर चढतात आणि त्यातून कळत काहीच नाही. अशा ठिकाणी प्रत्येकाला वेगळी उंची, खाली एका वेळी एकच, आणि "तू दिसतोस" हे तोंडी आल्याशिवाय थर सोडायचा नाही.

बाकीचे पर्याय. गार्मिनचा जीडीएल ५० किंवा सेंट्री यांसारखे तयार डबे घेतले तर खटपट वाचते, बॅटरी आत असते, केबलचा छळ नाही. पण त्यांच्या किमतीतला ९७८चा भाग आपल्यासाठी वाया. स्कायएको २ ऐकतो आणि बोलतोही, म्हणून मोह होतो; परवान्याशिवाय १०९०वर प्रसारण करणं मात्र कायद्यात बसत नाही, तेव्हा तो विचार सोडा. मोबाइलवरचं फ्लाइटरडार२४ तर या कामासाठी काढूच नका. ते जमिनीवरच्या लोकांच्या रिसीव्हरवर चालतं, उशिरा येतं, आणि दापोलीच्या खाली ५०० फुटांवरचं हेलिकॉप्टर त्यात असेल-नसेल. मुंबईतच रोज उडणाऱ्यांनी खरा खर्च करायचा तो हेलिकॉप्टरमध्ये बसवलेल्या सक्रिय टीएएसवर, म्हणजे रहदारीचा इशारा देणाऱ्या यंत्रणेवर. ते १०३०वर स्वतः प्रश्न विचारतं आणि मोड सी, मोड एस कुणाचंही उत्तर ऐकून दिशा काढतं. एडीएस-बी असो नसो, ट्रान्सपाँडर चालू असला की पुरे. महाग आहे, अँटेना बसवायला प्रमाणपत्र लागतं, पण मुंबईतली उणीव तेच भरून काढतं. आणि तुमचा स्वतःचा ट्रान्सपाँडर उंचीसकट चालू ठेवणं यात पैसाही लागत नाही. डबाही परस्पर आणून कॉकपिटमध्ये ठेवायचा नाही, ऑपरेटरच्या इलेक्ट्रॉनिक फ्लाइट बॅगच्या, म्हणजे कॉकपिटमध्ये वापरायच्या टॅबलेट आणि तशा उपकरणांच्या, मंजुरीत तो बसला पाहिजे. सोबत येणारा कृत्रिम क्षितिजाचा पडदा झाकून ठेवा; रोटरच्या थरथरीत तो सेन्सर काय वाटेल ते दाखवतो.

एक शेवटची सेटिंग, आणि ती सगळ्यात बेमालूम फसवते. डब्याला तुमच्या हेलिकॉप्टरच्या ट्रान्सपाँडरचा २४ बिटांचा कोड द्यावा लागतो, नाहीतर तो तुमचंच प्रसारण ऐकून तुम्हालाच "ट्रॅफिक, शून्य फूट" म्हणून घाबरवतो. भारतीय कोड ८० ते ८३ने सुरू होतात. व्हीटीने सुरू होणारं नोंदणीचं नाव तिथे टाकून चालत नाही. खरा घोळ डबा एका हेलिकॉप्टरमधून दुसऱ्यात नेल्यावर होतो. जुना कोड तसाच राहिला तर डबा त्या जुन्या हेलिकॉप्टरला "स्वतः" समजून पडद्यावरून पुसू शकतो. काही आवृत्त्या अंतर आणि उंची ताडून बघतात, त्या भरवशावर राहू नका. तुमच्याच ताफ्यातलं, त्याच वाटेने, त्याच वेळी उडणारं यंत्र, म्हणजे टक्कर होण्याची शक्यता जिच्याशी सगळ्यात जास्त, तेच गायब. एप्रनवर दोन्ही चालू असताना डब्याच्या ट्रॅफिकच्या पानावर शेजारच्याचा कोड उमटतो का, हे बघायला अर्धा मिनिट लागतो.

देखभालीत खारी हवा सोडली तर काही नाही. अँटेनाच्या पितळी जोडावर दोन महिन्यांत हिरवट थर येतो आणि पल्ला हळूहळू, कळणार नाही असा, घटतो. महिन्यातून एकदा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पावसाळ्यात डबा सिलिका जेलबरोबर बंद पिशवीत ठेवा. कार्डाची एक प्रत करून फ्लाइट बॅगेत टाका, कधीतरी पहाटे जुहूला मूळ कार्ड दगा देतंच. फक्त त्या प्रतीत आत्ताच्या हेलिकॉप्टरचा कोड आहे की मागच्या, तेवढं बघून घ्या.